नागपुरातले कॅथलिक फादर सांगतील त्यालाच मत देतात का?

तुम्ही विचारलंय, निवडणुकीआधी चर्चमध्ये फादर कुणाला मत द्यायचं ते सांगतात का, आणि कॅथलिक चर्चचा निवडणुकीवर खरंच किती प्रभाव असतो. मी नागपूरची, जन्मानं कॅथलिक. सदरच्या कॅथेड्रलमध्ये लहानपणापासून रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, जाते. आजवर एकाही फादरच्या तोंडून पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव ऐकलेलं नाही.

काय ऐकलंय ते सांगते. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता आणि आमचं लोकसभेचं मतदान १९ एप्रिलला. मिस्सा संपताना, शेवटच्या आशीर्वादाआधी सूचना वाचतात: कुणाचं लग्न ठरलंय, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग कधी आहे वगैरे. त्यातच एक सूचना होती, यादीत नाव आहे का ते बघून घ्या. बाहेर अंगणात एक सिस्टर मोबाइलवर मतदार यादी उघडून बसल्या होत्या आणि एक आजी कार्ड डोळ्यांजवळ धरून त्यांना एकेक आकडा वाचून दाखवत होत्या. आजींचं नाव सापडलं. सिस्टरांचं स्वतःचं नाव मात्र आधीच्या बदलीच्या गावच्या यादीत अडकलेलं होतं. कॉन्व्हेंटमधल्या पुष्कळ सिस्टरांचं असंच होतं. लोकांना वाटतं त्या एकगठ्ठा मत देतात, इथं निम्म्यांना मतच देता येत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३: धर्माच्या नावावर मत मागणं हे भ्रष्ट आचरण, आणि अमक्याला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल अशी भीती घालणंही त्यातच येतं. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन अशा निकालात सांगितलं की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. शिवाय चर्चचा स्वतःचा १९८३ चा कायदा फादरना सरकारी सत्तेचं पद घेऊ देत नाही. त्याच्याही आधी, १९८० मध्ये, अमेरिकेत दहा वर्षं खासदार असलेले जेझुइट फादर रॉबर्ट ड्रायनन यांना पोप जॉन पॉल दुसरे यांच्या आदेशामुळे पुढची निवडणूक सोडावी लागली होती.

पण प्रभाव नाहीच असं म्हटलं तर ते खोटं होईल. केरळात १९५९ ला नंबुद्रिपादांचं कम्युनिस्ट सरकार बरखास्त झालं, त्याआधीच्या आंदोलनात चर्च उघडपणे उतरलं होतं, कारण शिक्षण विधेयकानं त्याच्या शाळांवर सरकारचा हात येत होता. निवडून आलेलं सरकार असं पाडण्यात चर्चनं भाग घेतला हे मला आजही पटत नाही. २०१७ मध्ये गुजरात विधानसभेच्या तोंडावर गांधीनगरच्या आर्चबिशपांनी 'राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा म्हणून प्रार्थना करा' अशा अर्थाचं पत्र काढलं, तेव्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यांना नोटीस दिली. प्रार्थना जरूर करावी, पण मतदानाच्या तोंडावर असं पत्र नको होतं.

हुकूम देऊन मतं किती दिवस मिळतात, हे पाहायचं तर इटली बघा. १९४८ च्या निवडणुकीत तिथे पॅरिशपॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, समित्या उभ्या राहिल्या, कधी मठाबाहेर न पडणाऱ्या सिस्टरांनाही मतदानाला आणलं गेलं, आणि चर्चच्या पाठिंब्यावरच्या ख्रिस्ती लोकशाही पक्षाला ४८ टक्के मतं मिळाली. पुढच्याच वर्षी कम्युनिस्टांना धर्मबाह्य ठरवणारा हुकूमही निघाला. आणि १९७४ मध्ये घटस्फोटाचा कायदा रद्द करावा का यावर सार्वमत झालं, तेव्हा चर्चचा जोर 'हो' वर असूनही ५९ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. देश तोच होता, आणि मत देणारे जवळजवळ सगळे बाप्तिस्मा झालेलेच.

गोव्याबद्दल मराठी माणूस हमखास म्हणतो, "चर्चनं विलीनीकरण घालवलं." गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरचा १६ जानेवारी १९६७ चा कौल ३४,०२१ मतांच्या फरकानं विरोधात गेला, हे खरं. पण तिथे तेव्हा ख्रिस्ती चाळीस टक्क्यांच्या आत होते आणि विरोधातली मतं ५४ टक्के. हिंदू मतदारांनी साथ दिली नसती तर हा आकडा आला कुठून?

आता आपल्याकडे या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत, आणि नागपुरात एकट्या आमच्या मतांवर कुणाची सीट पडेल असा एकही मतदारसंघ नाही. उलट दबाव दुसऱ्या बाजूनं येतो. शाळेची मान्यता, परदेशी देणगीचा परवाना, जमिनीची कागदपत्रं या सगळ्यासाठी चर्चला सरकारच्या दारी जावं लागतं. चर्चचे लोक सांभाळून बोलतात ते बरंचसं यामुळेच. मला त्याचं वाईट वाटतं, कारण एका विषयावर त्यांनी अजून मोठ्यानं बोलावं असं मला मनापासून वाटतं.

तो विषय नागपूरकराला लगेच कळेल. एकाच जातीतून आलेली दोन कुटुंबं, शेजारी शेजारी. एकाचे आजोबा १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर बौद्ध झाले, दुसऱ्याचे ख्रिस्ती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये धर्माची ही अट काढा असं सांगितलं, तरी काही झालं नाही. चर्च दर वर्षी १० ऑगस्टला यासाठी काळा दिवस पाळतं, कारण त्याच तारखेला तो आदेश निघाला होता. तुम्ही समजता तेवढी चर्चची ताकद असती तर हा प्रश्न एव्हाना सुटला असता. गेल्या लोकसभा निवडणुकीत एक उमेदवार रविवारी आमच्या गेटवर हात जोडून उभे होते, तेव्हा मी त्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, "ताई, हा दिल्लीचा विषय आहे." मी म्हटलं, तुम्ही दिल्लीलाच तर चाललाय ना?