पॅनवर परतलेलं हॅम, उकडलेले बटाटे, फरसबी एवढाच बेत आहे. सोबत कोणती व्हाइट वाइन घ्यावी? (नागपूर)

किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घ्या. नाशिकच्या सुला कंपनीची चालेल, रीसलिंग ही दुसरी व्हाइट मिळाली तर तीही छान. हॅम मुळात मिठात मुरवलेलं असतं. त्या खारटपणाला वाइनमधला थोडा गोडवा सांभाळून घेतो आणि आंबटपणा तोंडावरची चरबी धुऊन काढतो, लिंबूपाणी काढतं तसा. टॅनिनवाली (तोंड तुरट, कोरडं करणारी) रेड आणि ओकच्या पिंपात मुरलेली शार्डोने ही व्हाइट, दोन्ही एवढ्या साध्या ताटावर जड होतात. घरी नाताळाला हे सगळे प्रकार करून झालेत, शेवटी शेनिनवरच येऊन थांबलो.

फक्त हॅमला संत्र्याचा रस आणि गूळ आटवून लावणार असाल (आपल्याकडे संत्री असताना मोह होतोच!) तर वाइन त्या लेपाइतकी तरी गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागेल. मोहरीचा सॉस असेल तर काही बदलू नका.

बाटली ८ ते १० अंशांवर असू द्या. उन्हाळ्यात ती टेबलावर ठेवू नका, बर्फ-पाण्याच्या पातेल्यात ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात दुसरा ग्लास भरेपर्यंत वाइन कोमट झालेली असते.