घरी शिकवायचं ठरवण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा रातांबे फोडायचं काम चालू होतं. पावसाच्या आत आमसुलं वाळली पाहिजेत, म्हणून उत्तराला आठवडा लागला. राग मानू नकोस.

लेक सहा वर्षांचा होतोय, पुणं सोडून गुहागरला सासरच्या घरात राहायला येताय, आणि त्याला शाळेत घालायचं नाही असं दोघांच्या मनात आहे. ‘मावशी, आम्ही बरोबर करतोय ना?’ असं तू विचारलंस. त्याला हो किंवा नाही असं उत्तर मी कसं देणार? मी अकरा वर्षं मुलांना घरी शिकवते आहे. त्यात जे हाताला लागलं आणि जे चुकलं, ते तुला सांगते. मग तुम्ही दोघं ठरवा.

तुझं पत्र पाच पानांचं आहे. त्यातली साडेतीन पानं त्याच्या पुण्यातल्या शाळेबद्दल आहेत. गृहपाठ, फी, बाईंनी सगळ्यांसमोर त्याला उभं केलं तो दिवस. वाचताना मलाही वाईट वाटलं. पण लेकाला काय आवडतं, तो दिवसभर कशात रमतो, याबद्दल जेमतेम सहा ओळी आहेत. त्या सहा ओळी वाढव. शाळेच्या रागावर घर सहा महिने चालतं. पुढे राग निवतो, मूल समोर असतं, आणि सकाळी उठून त्याच्याबरोबर काय करायचं हा प्रश्न तसाच उरतो. मी हे दोन ओळखीच्या घरांत पाहिलं आहे. दोन्हीकडे आईबाप चांगले होते आणि दोन्हीकडे मूल वर्षभर मोबाईल घेऊन बसलं.

आमची चूक वेगळी होती. लग्नाआधी मी सहा वर्षं शाळेत शिकवलं होतं, तेव्हा मोठीला घरी ठेवायचं ठरलं तशी मी पडवीत फळाच टांगला. दहाला प्रार्थना, पस्तीस मिनिटांचे तास, दुपारी शुद्धलेखन. दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. आगराला शिंपणं चालू होतं. ही पाटाजवळ उकिडवी बसून एका पोफळीच्या अळ्यातलं पाणी काडीनं दुसऱ्या अळ्यात वळवत होती. मध्येच मातीचा बांध घालायची, पाणी कुठून फुटतंय ते बघायची, परत बुजवायची. मी ओटीवरून हाक मारली. ती उठली, काडी खाली ठेवली, फ्रॉकला हात पुसले आणि म्हणाली, ‘अभ्यास ना?’ सहा वर्षांच्या पोरीचा तो थकलेला आवाज माझ्या कानात अजून आहे. शाळेत चाळीस मुलांमध्ये तिच्या वाट्याला जेवढे डोळे आले असते, त्याच्या कितीतरी पट मी एकटीनं तिच्यावर रोखून ठेवले होते. तिला लपायला मागचा बाकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी फळा काढला. त्यानंतरचे दोन-अडीच महिने फार कठीण गेले, कारण ती काहीच ‘शिकत’ नव्हती आणि मला रात्री झोप लागत नव्हती. तुझ्यावरही ही वेळ येईल. तेव्हा घाबरून वह्या-पुस्तकांचा गठ्ठा मागवू नकोस. रोज अर्धा-पाऊण तास मांडीवर घेऊन वाचून दाखव, हिशेबाची कामं त्याच्या हातात दे, आणि बाकीचा वेळ त्याचा त्याला असू दे. वाचून दाखवणं मात्र एकही दिवस चुकवू नकोस. यावर मी हटून बसेन.

मग माणसं आली, आणि तुला जे सांगायचंय ते इथेच आहे. मूल घरी शिकतं म्हणजे आईकडे शिकतं असं आपण धरून चालतो. आई एकटी पुरत नाही गं. मी तर नाहीच पुरले. मोठीचं गणित मार्गी लागलं ते भरतीच्या पाण्यानं.

ती नऊ वर्षांची होती. आमच्या शेजारी एक म्हातारे तांडेल राहतात, होडीवर जाणं आता बंद झालंय. त्यांच्याबरोबर ती हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव बघायला जायची. एकदा ते तिला म्हणाले, ‘तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ येते.’ चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हिला पाऊणपट म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. घरी येऊन तिनं आजीला विचारलं. सासूबाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता न थांबवता त्यांनी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणून दाखवली: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. मी सहा वर्षं शाळेत अपूर्णांक शिकवले होते, आणि माझ्या घरात पावकी-निमकी-पाऊणकी येणारं माणूस आहे याचा मला पत्ता नव्हता.

हिनं मार्गशीर्षाचा अख्खा महिना पाणी मोजलं. धक्क्याच्या पायऱ्यांना खडूनं आकडे घातले, आणि दिवसाउजेडी येणारी भरती कितव्या पायरीला, किती वाजता लागली ते वहीत लिहिलं. काही दिवस पाऊणकीशी अगदी जुळले, काही दिवस अर्धा तास चुकले. शिवाय भरती रोज सारखीच उशिरा येत नाही हे तिच्या लक्षात आलं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती आदल्या दिवसापेक्षा थोडीच पुढे सरकते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, तास-सवातास सरकते. सरासरी काढली तर पन्नास मिनिटांच्या जवळपास येते. तिच्या बाबांनी रात्री तिच्याबरोबर बसून भागाकार केला. चंद्राचा फेरा तीस तिथींचा, तेवढ्यात भरती चोवीस तास मागे पडते, म्हणजे तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. मग चार पंचमांश जास्त बरोबर, नाही का? मग जुने लोक पाऊणपट का म्हणायचे? कारण पाऊणकी तोंडपाठ होती आणि होडीवर कागद नव्हता. हे तिचं तिनंच काढलं. तांडेलकाकांनी ती वही दोन दिवस मागून घेतली आणि आपल्या मुलाला दाखवली.

या सगळ्यात मी काय केलं? दिवेलागणीला बंदरावर जायला तिला आडकाठी केली नाही, एवढंच.

म्हणून गुहागरला आलीस की पहिला महिना पुस्तकांच्या याद्या करण्यात घालवू नकोस. वाडीत कोणाला काय येतं ते बघत फिर. भाताच्या रोपांसाठी जमिनीची दाढ कधी भाजायची, तरवा, म्हणजे ती रोपं, किती दिवसांचा झाला की लावणीला काढायचा, कोकमाच्या बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, कसं काढायचं, जांभ्याचा चिरा कसा उतरवायचा, जाखडी नाचाचा ढोल कसा वाजवायचा, हे जाणणारी माणसं अजून आहेत. मुलाला त्यांच्याजवळ बसू दे आणि तू तिथून निघून ये. आणखी एक. ही शिकवणी फुकटची समजू नकोस. आम्ही तांडेलकाकांचे बँकेचे कागद भरून देतो, मोठी त्यांच्या नातवाला इंग्रजी वाचायला शिकवते. देणं-घेणं असलं की मुलाला त्या घरात मान मिळतो, नाहीतर ते शहरातून आलेलं रिकामटेकडं पोर ठरतं.

आता तुझ्या वाडीतल्या शाळेबद्दल. यावर माझं मत ठाम आहे. आपल्याकडच्या कितीतरी मराठी शाळांचा पट दहा-पंधरावर आलाय. तुझं मूल त्यात नसणं म्हणजे तिथल्या बाकीच्या मुलांचा एक सोबती कमी होणं, आणि पटावरचा एक आकडा कमी होणं. हे ओझं आपण घेतोय हे मान्य कर. आम्ही ते मान्य केलं म्हणून शाळेशी संबंध तोडला नाही. पंधरा ऑगस्टला मुलं शाळेत असतात, स्नेहसंमेलनाचे कपडे मी शिवते, शनिवारी दुपारी मोठी तिथल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. शाळाबाह्य मुलांच्या नोंदीसाठी गुरुजी दारात येतील तेव्हा ते तुझ्या विरुद्ध आलेले नसतात. त्यांना आत बोलाव, पाणी दे, मुलाच्या वह्या दाखव, खरं ते सांग.

कायद्याचंही खरं तेच ऐकून ठेव, कारण याबाबत लोक दोन्ही टोकांचं बोलतात. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलंय. न केल्यास पालकाला काय शिक्षा, हे त्यात लिहिलेलं नाही. घरी शिकवण्याला स्पष्ट मनाई नाही, स्पष्ट मान्यताही नाही. या धूसर जागेत तुम्हाला राहायचं आहे, आणि ते दोघांनी समजून-उमजून करायचं आहे. त्याच कायद्यात एक मोठा आधारही आहे. मूल पुढे कधी शाळेत जायचं म्हणालं, तर त्याला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात घ्यावं लागतं. जन्मदाखला मात्र नीट जपून ठेव.

परीक्षेची काळजी आत्ता करू नकोस, फक्त वाट आहे हे माहीत असू दे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान १९८९ पासून आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, मराठीतूनही. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि पाच वर्षांत नऊ संधी, त्यामुळे एकेक विषय सुटा देता येतो. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचीही सोय आहे. मोठी मुक्त विद्यालयातून दहावी झाली. आमचं केंद्र घाटावर आलं होतं, रात्रीच्या एसटीनं निघावं लागलं. गाडीत तिला महर्षी कर्व्यांची गोष्ट सांगितली. ते इथल्याच मुरुडचे. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, ‘आणि परत पण चालतच आले?’

‘चार मुलांत मिसळणार कसा?’ हे तुला प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवात विचारतील. ‘गावात पोरं काय कमी आहेत’ असं उत्तर मी बरीच वर्षं दिलं, आणि ते अर्धंच खरं होतं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वाडी ओस असते. सगळी मुलं शाळेत. मोठीला एकटं राहणं मानवलं. धाकट्याला नाही मानवलं. तो रोज पाच वाजायच्या आधीच पाखाडीच्या दगडी वाटेवर जाऊन बसायचा, शाळा सुटून येणाऱ्या मुलांची वाट बघत. मला ते दिसत होतं आणि मी बघून न बघितल्यासारखं करत होते. हे मी तुला लिहिते आहे कारण हे कोणी आपणहून सांगत नाही. गेल्या जूनमध्ये तो म्हणाला, ‘आई, मला शाळेत जायचंय.’ मला दोन दिवस जेवण गेलं नाही, इतकं मनाला लागलं. तिसऱ्या दिवशी त्याचे बाबा त्याला घेऊन शाळेत गेले. आठवीत घेतलं. पहिल्या चाचणीत मागे पडला, सहामाहीला सावरला. आता तो संध्याकाळी घरी येतो तो बोलतच येतो. त्यानं आणखी दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं, आणि त्याला विचारता यावं असं घर मी ठेवायला हवं होतं. तू दरवर्षी मिरगाच्या आधी लेकाला विचार, शाळेत जायचंय का. तो जे सांगेल ते मनापासून ऐकायची तयारी असेल तरच विचार.

शेवटचं, थोडं नाजूक. तुझ्या पत्रात सगळीकडे ‘मी’ आहे. मी शिकवीन, मी नोकरी सोडीन, मी वेळ देईन. जावईबापूंचा वाटा कुठे आहे? एक पगार जाणार, तो दोघांनी मिळून सोडलेला पगार असायला हवा. त्यांनी ‘मदत’ करून भागणार नाही, एखादी गोष्ट पूर्ण त्यांची असू दे. आमच्याकडे गणित आणि बुधवारचा अख्खा दिवस बाबांचा. त्या दिवशी मी घरात नसते, दापोलीच्या वाचनालयात जाऊन बसते. जून ते सप्टेंबर हा बुधवार मला फार लागतो. पाऊस कोसळत असतो, वीज गेलेली, कपडे वाळत नाहीत, मुलं पडवीत एकमेकांवर ओरडत असतात आणि आपण चूक केली असं वाटायला लागतं. श्रावण लागेपर्यंत कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही, हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

पाऊस लागायच्या आत एकदा लेकाला घेऊन राहायला ये. अमावस्येनंतरच्या चतुर्थीला आलीस तर उत्तम. तीनच्या सुमाराला भरती, म्हणजे सकाळी नऊपर्यंत पाणी पुरतं उतरलेलं असेल आणि खडक उघडे पडलेले असतील. मोठी त्याला घेऊन जाईल, तू माझ्याजवळ ओटीवर बस. त्याच्या जुन्या चपला आठवणीनं आण, कालवांनी पाय कापतात.

तुझी,
मावशी