विहिरीत 112 मिलिग्रॅम नायट्रेट: बाळाचे पाणी आणि बागेतला युरिया

आपण विचारले आहे की जळगाव जिल्ह्यातील भडगाव तालुक्यात गिरणा नदीकाठी आपली 45 फूट खोल विहीर आहे, भोवती केळी आणि कपाशी आहे, पाण्याच्या अहवालात नायट्रेट 112 मिलिग्रॅम प्रतिलिटर आले आहे, घरात चार महिन्यांचे बाळ आहे. तर पाणी उकळून द्यावे का, आणि हा दोष शेतातल्या खताचाच समजावा का. मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक आहे आणि गेली अकरा वर्षे आमच्या गावातील व आसपासच्या विहिरींचे पाणी किटने तपासत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

बाळाचे आधी. हे पाणी बाळाला कोणत्याही रूपात देऊ नका; उकळून तर मुळीच नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट हे विरघळलेले क्षार आहे, ते वाफेबरोबर जात नाही. दोन लिटर पाणी उकळून दीड लिटर उरले, तर आपले 112 सुमारे 149 होते. तुरटी, ब्लीचिंग पावडर, कँडलचा फिल्टर आणि यूव्ही यांपैकी कशानेही नायट्रेट कमी होत नाही. आरओने ते होते, मात्र त्यातला गाळणीचा पडदा चांगला असेल तरच. टीडीएस, म्हणजे पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार, मोजणाऱ्या पेनवर आकडा कमी दिसला म्हणजे नायट्रेट गेले असे होत नाही, म्हणून गावातल्या आरओचे जार आणत असाल तर त्याही पाण्याचा नमुना एकदा प्रयोगशाळेत द्यावा.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि पर्यायी स्रोत नसला तरी या मर्यादेत सवलत दिलेली नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध याच पाण्यात कालवून दिले, तर पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास निकामी करते आणि ओठ व नखे निळसर दिसू लागतात. 1945 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी विहिरीचे पाणी आणि तान्ह्या मुलांचा निळसरपणा यांचा संबंध प्रथम नोंदवला, तोही शेतावरच्या घरांतच. बाळ केवळ अंगावर पीत असेल तर काळजी बरीच कमी होते, कारण आईच्या दुधातून नायट्रेट फारसे उतरत नाही. निळसरपणा किंवा सुस्ती दिसली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि पाण्याचा हा अहवाल डॉक्टरांच्या हातात द्यावा.

आता दोष कोणाचा. विहिरीपासून पन्नास-साठ फुटांत उकिरडा, गोठा किंवा तळाला न बांधलेला शोषखड्डा असेल, तर आधी तो संशय फेडून घ्यावा, पाण्यात ई. कोलाय जंतू सापडले तर मैलापाणी किंवा शेणमूत विहिरीत येत आहे, असे धरावे. जंतू नाहीत, आजूबाजूच्या चार मळ्यांतल्या विहिरींतही आकडा असाच चढा आहे आणि पावसाळ्यानंतर तो आणखी वाढतो, तर खताकडेच बोट दाखवावे लागते. देशभरातही चित्र याच दिशेचे आहे: केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात 440 जिल्ह्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले आणि तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे 20 टक्के नमुने मर्यादा ओलांडणारे होते, 2017 मध्ये असे जिल्हे 359 होते.

हे घडते कसे, ते मी स्वतःच्या बागेत शिकलो. केळीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस झाडामागे 200 ग्रॅम नत्राची (नायट्रोजनची) आहे. दीड बाय दीड मीटरवर एकरी सुमारे 1800 झाडे बसतात, म्हणजे एकरी 360 किलो नत्र. सगळे युरियातून दिले तर 45 किलोची सतरा पोती. दुसऱ्या क्वचितच एखाद्या पिकाला आपण इतके नत्र घालतो, आणि केळीची बहुतेक मुळे मात्र वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. मृगबागेला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीला, मी पाऊस येण्याआधी खोडाजवळ युरिया फेकत असे, की पावसाने तो आपोआप विरघळेल. तो विरघळत असे हे खरे, पण युरिया विरघळल्यावर पहिले काही दिवस मातीला धरून राहत नाही. पुढे त्याचा अमोनियम होतो, तो माती धरते. आणि मग जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि आपल्या काळ्या मातीच्या कणांवरही ऋणच भार असतो, त्यामुळे माती त्याला सोडून देते व पाणी जिथे उतरेल तिथे तेही उतरते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी किती झरझर खाली जाते, हे कपाशीच्या रानात आपण पाहिलेच असेल.

माझ्या विहिरीचे पाणी पहिल्यांदा तपासले तो ऑक्टोबर महिना होता. नळीत पाणी घेऊन पुडी टाकली आणि दहा मिनिटे थांबलो. किटच्या कार्डावर फिकट गुलाबीपासून गडद गुलाबीपर्यंत रंगांच्या पट्ट्या असतात. नळीतला रंग शेवटच्या पट्टीच्याही पुढे गेला. ते पाणी माझी आई रोज पीत होती. त्यानंतर पावसाच्या तोंडावर मी युरिया टाकलेला नाही.

ठिबक असूनही नत्र मुळांखाली झिरपते, याचे कारण आपल्याकडच्या विजेत आहे. रात्रीची पाळी, मोटारीला ऑटो स्टार्टर, वीज आली की ठिबक सुरू आणि जाईपर्यंत चालू. व्हेंचुरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून सोडणाऱ्या नळीतून, खत सुरुवातीलाच सोडले तर उरलेले सगळे पाणी त्या खताला मुळांखाली ढकलते. खत सिंचनाच्या शेवटच्या टप्प्यात सोडावे आणि नंतर नळ्या धुऊन निघतील इतकेच पाणी चालवावे. या एका बदलाला खर्च नाही. ठिबकमधून दर आठवड्याला थोडे थोडे दिल्यास 75 टक्के मात्रा पुरते, म्हणजे सतराची तेरा पोती. पण युरियाचे 45 किलोचे पोते 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि डीएपी या नत्र-स्फुरद खताचे 50 किलोचे पोते 1350 ला, तेव्हा शेतकऱ्याचा हात युरियाकडेच जातो, आणि त्यासाठी एकट्या शेतकऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. 2010 मध्ये इतर खतांचे अनुदान अन्नद्रव्यांवर आधारित केले आणि युरिया त्यातून वगळला, तेव्हापासून किमतींतली ही दरी वाढत गेली.

आपल्या विहिरीपुरता एक हिशेब मात्र आजच करता येईल. 112 मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे लिटरमागे सुमारे 25 मिलिग्रॅम नत्र. दहा लाख लिटर पाण्यात ते 25 किलो होते, म्हणजे युरियाचे सव्वा पोते. झाडाला रोज सरासरी 12 लिटर धरले तर एकरभर बागेला दहा लाख लिटर साधारण दीड महिन्यात जातात. पावसाळा सोडून आठ महिन्यांत जवळजवळ सहा पोती युरिया आपण विहिरीतून उपसून बागेला देतच आहात, वर पुन्हा पूर्ण मात्राही देत आहात. सगळी सहा पोती एकदम तोडू नका. यंदा दोन पोती कमी करा, पानांचा रंग आणि घड पाहा, जमल्यास पानांचे पृथक्करण करून घ्या, आणि पुढच्या बागेला आणखी कमी करा. असा उपसा होत राहिला आणि वरून नवी भर थांबली, तरच विहीर हळूहळू स्वच्छ होते. त्याला काही वर्षे लागतात. जमिनीच्या थरांत वाटेवर असलेले जुने नायट्रेट अजून खाली यायचे असते, म्हणून पहिल्या वर्षी आकडा उतरला नाही तर धीर सोडू नये.

पावसाच्या पाण्याने विहिरीचे पुनर्भरण करणार असाल तर नाल्याचे किंवा घराच्या छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडा. खत दिलेल्या शेतातून वाहून आलेले पाणी थेट विहिरीत घेतले तर नायट्रेट मातीची चाळणीही न लागता आत जाते. जलसंधारणाच्या उत्साहात ही चूक मी दोन-तीन ठिकाणी पाहिली आहे. ओढ्याकाठच्या बागेचे हेच पाणी पुढे गिरणेत आणि गिरणेतून तापीत जाते, त्यामुळे बांधाच्या कडेला दहा-बारा फूट गवत किंवा नेपियर राखलेत तर थोडे नत्र तिथेच अडेल आणि जनावरांना चाराही होईल.

पुढचा नमुना मेच्या अखेरीस आणि त्यानंतरचा ऑक्टोबरात घ्या. मोटार दहा मिनिटे चालू ठेवून, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून बर्फाच्या डब्यात ठेवावी आणि 24 तासांच्या आत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पोहोचवावी. बाटली उन्हात राहिली तर आकडा विश्वासाचा राहत नाही.