वाचकांचे प्रश्न : पचमढीला जायचे, पण नुसते पॉइंट पाहायचे नाहीत

प्रश्न : डिसेंबरच्या अखेरीस आम्ही कुटुंबीय नागपूरहून तीन दिवसांसाठी पचमढीला जाणार आहोत. मुले चौदा आणि सोळा वर्षांची असून वडील सत्तरीचे आहेत. मुलांना काहीतरी साहसी हवे आहे. जिप्सीत बसून पॉइंट मोजत फिरायला ती तयार नाहीत. काय करता येईल आणि वडिलांना कोठे नेऊ नये?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : मुलांचा आग्रह रास्त आहे. पचमढीचे खरे साहस तिच्या पायवाटांवर आहे आणि हे विदर्भाला नव्याने सांगण्याची गरज नसावी, कारण महाशिवरात्रीला नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढणाऱ्यांत आपल्याकडची मंडळी दरवर्षी मोठ्या संख्येने असतात. म्हणून पहिला दिवस चौरागडासाठीच ठेवावा. बडा महादेवापासून निघणारी ही वाट आधी जंगलातून चढते-उतरते आणि शेवटी सुमारे 1,300 पायऱ्या लागतात, तेव्हा ऊन तापण्याआधी निघावे, प्रत्येकाने आपले पाणी स्वतः वाहावे आणि खाण्याच्या वस्तू पिशवीत बंद ठेवाव्यात, अन्यथा माकडे त्या हातातून घेतात. वडिलांनी बडा महादेवाचे दर्शन घेऊन खालीच थांबावे. गुडघे साथ देत असले तरी या पायऱ्यांचा मोह टाळलेला बरा.

संध्याकाळ मात्र वडिलांना सोबत घेऊन धूपगडावर घालवावी. सातपुड्यातील हे सर्वोच्च शिखर (1,352 मीटर) असून जिप्सी जवळजवळ माथ्यापर्यंत पोहोचते. सूर्यास्तानंतर तेथे हवा झपाट्याने गार होते, आणि नागपूरच्या थंडीचा अंदाज धरून नेलेला एक स्वेटर पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी अप्सरा विहार आणि तेथून पुढे रजत प्रपाताकडे चालत जावे. अप्सरा विहारचा डोह तुलनेने उथळ असल्यामुळे मुले तेथे रमतात. काळजी घ्यायची ती पुढे, कारण तोच ओढा शंभर मीटरहून अधिक खोल कोसळतो. येथील खडक वालुकाश्माचा आहे. ओल्या भागावर शेवाळ धरते आणि कडेचा थर वरून घट्ट दिसला तरी पायाखाली झिजून भुगा होतो. छायाचित्रासाठी कठड्यापलीकडे जाऊ देऊ नये, याबाबत मुलांशी वाद झाला तरी चालेल. बी फॉल पाहायचा असल्यास उतरताना सोप्या वाटणाऱ्या पायऱ्या परत चढायच्या आहेत, हे वडिलांना आधीच सांगावे.

नागद्वारीचे नाव मुलांनी ऐकले असेल, परंतु ती वाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून जाते आणि नागपंचमीच्या यात्राकाळातच खुली होते. एरवी कोणी गुपचूप नेण्याची तयारी दाखवली, तरी नकार द्यावा.

तिसरा दिवस मढईला द्यावा, असे आमचे मत आहे. पचमढी उतरून पिपरिया-सोहागपूरमार्गे तेथे जाता येते. तवा धरणाच्या फुगवट्यामुळे पसरलेल्या देनवा नदीतून नावेने पलीकडे गेले की सातपुडा व्याघ्र प्रकल्पाची सफारी सुरू होते. देशातील ज्या मोजक्या व्याघ्र प्रकल्पांत वाटाड्यासोबत पायी सफारीची सोय आहे, त्यांत हा एक आहे. तिच्यासाठी मुलांच्या वयाची अट मात्र आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावी. परतताना तामिया-छिंदवाड्याचा घाटरस्ता दिवसाउजेडी पार होईल अशा बेताने मढईहून निघावे.