घरीच केलं तर कुणाला कळतंय!

लग्नसराई जवळ आली की हा प्रश्न ठरलेला. "मॅडम, चरबी गोठवायचा पट्टा ऑनलाइन मिळतो. घरच्या घरी वापरला तर चालेल ना?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुली विचारतात, हल्ली नवरदेवही विचारतात.

एक २६ वर्षांची मुलगी मात्र वापरून झाल्यावर आली, तीही झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दोन-तीन भेटींनंतर तिने बेंबीशेजारचा तळहाताएवढा डाग दाखवला. कडेने जांभळट, मध्ये पांढुरका.

"दुखत नाही?"

"अजिबात नाही. म्हणून तर वाटलं, लागू पडतंय."

बधिरपणालाच ती गुण समजत होती!

थंडीने चरबीच्या पेशी त्वचेआधी मरतात, हे खरं. त्यावर बेतलेल्या यंत्राला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली. पण तिथे त्वचेवर जेलचा थर असतो, तापमानावर यंत्राचा ताबा असतो. तरीही त्या जागची चरबी फार तर पाव भागाने घटते, तीही दोन-तीन महिन्यांत. वजन उतरत नाही. क्वचित उलट तिथेच चरबी वाढून घट्ट होते. मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टाने २०२१ मध्ये स्वतःबाबत हे जाहीर सांगितलं. घरच्या पट्ट्यात घालतात त्या फ्रीझरमधल्या पॅकला तर कुठे थांबायचं हेच कळत नाही.

यातलं बरंचसं तिने वाचलं होतं. नुसत्या माहितीने माणूस बदलतो, असं मी मानत नाही. वागण्यामागचा हट्टी विचार सापडावा लागतो. मी विचारलं, "क्लिनिकमध्ये एवढ्याच पैशांत झालं असतं तर?"

"तरी घरीच केलं असतं."

"का गं?"

बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली. "तिथे पोट दाखवून सांगावं लागलं असतं ना, मला हे नकोय म्हणून."

प्रश्न पैशांचा नव्हताच. साखरपुड्यात मावशीने पोटावरून थट्टा केली होती आणि ती आपल्याला लागली, हे तिला कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. इतकी वर्षं ऐकत बसल्यावर असा प्रश्न कधी टाकायचा, हे उमगायला लागतं.

"आणि कळलं तर?"

"मावशी अजून एकदा हसेल."

"मग?"

"मग काय... जेवायला वाढेल." आणि तीच खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन ती त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली.

तुम्हीही गुपचूप पट्टा बांधला असेल आणि कातडी पांढरी, कडक किंवा बधिर झाली असेल, तर तो लगेच काढा. चोळू नका, फोड फोडू नका. गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नको, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही. कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काय केलं होतं, तेही त्यांना सांगा.