पामिटिक आम्लाचं क्रिटिकल तापमान जोबॅक पद्धतीने काढलं, पण विद्राव्यता जुळत नाही. कुठे चुकतंय?

तुमचं क्रिटिकल तापमान (ज्याच्या वर कितीही दाबलं तरी वायूचा द्रव होत नाही) ८८७ केल्विन आलंय. ते पेंग-रॉबिन्सनमध्ये (दाब, तापमान आणि आकारमान जोडणाऱ्या समीकरणात) घातल्यावर सुपरक्रिटिकल, म्हणजे क्रिटिकल तापमान आणि दाबाच्या वरच्या, कार्बन डायऑक्साइडमधली विद्राव्यता मोजलेल्या आकड्यांच्या आसपासही येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. समीकरण बदलायच्या आधी उत्कलनबिंदू कुठून घेतलात ते बघा.

जोबॅक पद्धत रेणूतल्या गटांवरून गुणधर्मांचा अंदाज करते. तिच्यात उत्कलनबिंदूला गटांवरून ठरणाऱ्या एका संख्येने भागून क्रिटिकल तापमान मिळतं. पामिटिकमध्ये एक मिथिल, चौदा मिथिलीन आणि एक कार्बोक्सिल गट, म्हणून भाजक ०.८०१. तुमच्या ८८७ वरून दिसतं की उत्कलनबिंदूही जोबॅकनेच काढलाय. तो ७११ केल्विन येतो. खरा साधारण ६२४ आहे. ही पद्धत प्रत्येक मिथिलीनमागे सरसकट २२.८८ अंश वाढवत जाते, प्रत्यक्षात साखळी लांबली की वाढ मंदावते. ६२४ घालून बघा, ७७९ येईल. गटांवरूनच अंदाज करणाऱ्या कॉन्स्टँटिनू-गानी पद्धतीला उत्कलनबिंदू लागतच नाही आणि तिने ७८० येतं. म्हणून मी या आकड्यावर भरवसा ठेवेन. प्रयोगाने पडताळणं अवघडच, कारण इतक्या तापमानाला आम्ल टिकत नाही, त्याचं विघटन होतं.

शंभरेक अंशांचा फरक किरकोळ नाही. पेंग-रॉबिन्सनमधलं रेणूंच्या आकर्षणाचं पद क्रिटिकल तापमानाच्या वर्गावर चालतं, म्हणजे ते ३० टक्क्यांनी फुगलं. फ्युगॅसिटी गुणांकात (पदार्थ आदर्श वायूपेक्षा किती वेगळा वागतो त्याचं माप) हे घातांकात शिरतं आणि विद्राव्यता पार बदलते. बायनरी इंटरॅक्शन पॅरामीटर (दोन पदार्थांच्या जोडीसाठी मोजमापांशी जुळवून घेतलेला आकडा) बसवून ही चूक झाकू नका. एका तापमानाला जुळवलेला आकडा दुसऱ्याला दगा देऊ शकतो.

एक सावधगिरी. एडमिस्टरच्या सूत्राने असेंट्रिक फॅक्टर (रेणू साध्या गोल रेणूपेक्षा किती वेगळा वागतो ते सांगणारा, पेंग-रॉबिन्सनला लागणारा आकडा) काढलात तर दोन्ही वेळा ०.९७च्या आसपासच येईल, कारण त्यात उत्कलनबिंदू आणि क्रिटिकल तापमानाचं फक्त गुणोत्तर लागतं. तो बरोबर दिसला म्हणून बाकीचंही बरोबर, असं धरू नका. क्रिटिकल दाब जोबॅकने सुमारे १४ बार येतो, तो चालेल.

मोजमापं झालेल्या तापमान-दाबाच्या पट्ट्यातच आकडे हवे असतील तर क्रास्टिलचं १९८२ चं, कार्बन डायऑक्साइडच्या घनतेवरून विद्राव्यता देणारं सूत्र वापरा, त्याला आम्लाचे क्रिटिकल गुणधर्म लागत नाहीत. पट्ट्याबाहेर जायचं असेल तर पेंग-रॉबिन्सनच ठेवा. मात्र पामिटिक ६३ अंश सेल्सियसला वितळतं आणि दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये त्याहूनही आधी. तुम्ही ते घन धरलंय की द्रव, आणि कोणत्या तापमानाला, तेवढं कळवा.