डबीतले कालचे सोल्युशन

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. दीड वर्षापासून दर महिन्याला बदलायच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. त्या रात्री ज्यात बुडवून ठेवायच्या त्या सोल्युशनची बाटली महाग पडते, म्हणून डबीतले जुने तसेच ठेवून त्यावर थोडे नवे घालते. एकदा बाटली संपली तेव्हा लेन्स रात्रभर घरच्या फिल्टरच्या पाण्यात ठेवल्या होत्या. पंधरा दिवसांपासून संध्याकाळी डोळे चुरचुरतात. चष्म्याच्या दुकानदाराने हायड्रोजन पेरॉक्साइडचे सोल्युशन सुचवले आहे. ते घ्यावे का?

उत्तर : सोल्युशन कोणते घ्यावे, हा पुढचा प्रश्न आहे. आधी लेन्स वापरणे थांबवून चष्मा लावावा आणि नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसू लागले, तर त्याच दिवशी जावे.

सोल्युशनमधले जंतुनाशक रात्रभरात लेन्सवरच्या जंतूंशी आणि मळाशी झुंजताना खर्ची पडते, त्यामुळे त्यात सकाळी घातलेल्या चार थेंबांनी त्याची ताकद परत येत नाही. शिवाय, माठ बरेच दिवस घासला नाही तर आतून जसा बुळबुळीत थर धरतो, तसाच थर डबीतही धरतो आणि त्याच्या आडोशाला जंतू टिकून राहतात. अमेरिकेत 2007 मध्ये लेन्स वापरणाऱ्यांमध्ये अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग वाढला, तेव्हा एक सोल्युशन बाजारातून मागे घेण्यात आले. पण जुन्यात नवे घालण्याची सवयही धोका वाढवणारी असल्याचे तपासात आढळले. हा जीव पाण्यात राहतो. पाणी नळाचे असो, कृष्णेचे असो की फिल्टरचे, पिण्यास योग्य असले तरी ते लेन्ससाठी निर्जंतुक नसते. नुसते सलाइन स्वस्त मिळते, परंतु ते धुण्यापुरतेच असते, जंतू मारत नाही.

आता पेरॉक्साइडविषयी. दुकानदाराची सूचना चुकीची नाही, कारण त्यात परिरक्षके (सोल्युशन टिकवण्यासाठी घातलेली रसायने) नसल्याने ज्यांना नेहमीच्या सोल्युशनची चुरचुर होते त्यांना ते मानवते. मात्र ते 3 टक्के तीव्रतेचे असते आणि थेट डोळ्यात गेले तर भयंकर आग होते. सोबतच्या खास डबीतील प्लॅटिनमच्या चकतीमुळे त्याचे हळूहळू पाणी आणि प्राणवायू होतात, बुडबुडे येतात ते त्याचेच. साधारणपणे यासाठी किमान 6 तास लागतात. हंगामात रात्री बारापर्यंत वह्या लिहून पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाने हा हिशेबही करावा. तेही सोल्युशन दररोज नवेच घ्यावे लागते. म्हणजे काटकसरीची जुनी सवय तिथेही चालणार नाही.

तपासणीनंतर नेहमीचेच सोल्युशन चालेल असे ठरले, तर तळहातावर लेन्सला ते लावून बोटाने हलके चोळावे, बाटलीवर ‘चोळण्याची गरज नाही’ असे लिहिलेले असले तरी. डबी सोल्युशननेच धुऊन, पुसून, उघडी पालथी ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. तुमच्या बाबतीत विशेष म्हणजे, लेन्सला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. नखांच्या कडेला राहिलेली हळद मऊ लेन्स शोषून घेते आणि तो पिवळेपणा सहसा जात नाही.

जुनी डबी मात्र इतक्यात टाकू नका, धुऊही नका. लेन्स आणि बाटलीसह ती डॉक्टरांकडे न्यावी, कारण बुबुळावर जखम दिसली तर डबीतला नमुनाही तपासणीसाठी घेतात.